बहरीनमध्ये केलेला मलिदा

आमच्या सासरच्या घरातून विमानात बसलेली मीच पहिली बाई. परत आल्यापासून जावा विचारतात, शेजारणी विचारतात, काय पाहिलंस, काय खाल्लंस. चार माणसांत मला बोलायला सुचत नाही. मी म्हणते ऊन फार होते, आणि चूल बघायला उठते. पण सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते चांगले झाले, म्हणून लिहून ठेवते. ज्याला वाचायचे त्याने वाचावे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणतात, कारण आमचे वाडवडील तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. माझा धाकटा भाऊ बिन्यामीन बहरीनला जहाजे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात फिटर आहे. त्याची बायको सोफी हिचे पोटाचे ऑपरेशन झाले. तिला जड उचलायचे नव्हते, वाकायचे नव्हते. म्हणून व्हिसा आणि तिकीट पाठवून त्याने मला उन्हाळ्यापुरते बोलावून घेतले. सौदीला जाणारा समुद्रावरचा मोठा पूल बांधायचे काम तेव्हा चालले होते.

बुसैतीन

विमानतळ आणि बिन्यामीनचे घर एकाच बेटावर. त्या भागाला बुसैतीन म्हणतात. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले आणि कोणी गरम पाण्यात पिळलेले फडके तोंडावर ठेवावे तसे झाले. पुढे त्याची सवय झाली. घरे बसकी, पांढरी, गच्चीला कठडे. खिडकीतला एसी दिवसभर घुरघुरत असे, तो बंद पडला की कोणीतरी गेल्यासारखी शांतता वाटे.

समुद्र जवळ होता, पण आमच्या चेऊल गावच्यासारखा नाही. आमचा समुद्र सारखा काहीतरी बडबडत असतो. इथला हिरवट, सपाट, परातीत पाणी ठेवावे तसा. ओहोटीला लांबवर माडाच्या झावळ्यांसारख्या काठ्या रोवलेल्या दिसत. ते मासे अडकवायचे कुंपण. त्या काठ्या खजुराच्या असतात असे मागून कळले. तिथे माड नाहीत, खजूरच खजूर.

पहिल्या सकाळी मी चहा केला. बिन्यामीनने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"ताई, हा चहा की कालवण?"

मी नळाचे पाणी घातले होते. तिथे नळाला मचूळ पाणी येते, ते धुण्या-भांड्याचे. पिण्याचे गोडे पाणी गाडीवाला आणून देतो, ते वेगळ्या पिंपात. सोफी बिछान्यात पोट धरून हसली आणि मग टाके दुखतात म्हणून माझ्यावरच रागावली.

मासळी आणायला किनाऱ्यावर जायचे मला आवडे. आमच्यात खवले असलेलाच मासा चालतो. मी नखाने शेपटीकडून डोक्याकडे खरवडून बघत असे. कोळ्याला वाटले मी ताजेपणावर संशय घेते. तो प्रत्येक मासा उचलून कल्ला उघडून दाखवी आणि रागाने काहीतरी बोले. पुढे पुढे मला लांबून पाहिले की तो हामूर मासा आधीच बाजूला काढून ठेवू लागला. त्याला खवले असतात.

घरात बिन्यामीनची मुलगी दीना. चौदा-पंधरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर इंग्रजीत. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची, मला त्यातले निम्मे कळायचे. तरी आमचे बरे चालायचे, कारण दोघींनाही फार बोलायचे नसायचे.

आमचे वडील गावच्या मशिदीत मुलांना हिब्रू वाचायला शिकवत. आम्ही आमच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो. गावातली सगळी मुले त्यांच्या हाताखालून गेली, एकटा बिन्यामीन सोडून. तो शिकायच्या वेळी खाडीवर असायचा. त्याला शेमा ही रोजची प्रार्थना येते आणि आमेन म्हणता येते, एवढेच. मी गेले त्याच संध्याकाळी त्याने मला गच्चीवर नेले आणि सांगितले की मनामा शहरात थोडी यहुदी घरे आहेत, मूळची बगदादकडची. त्यांतल्या एका आजीच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शिकवतात. प्रार्थना, वाचन, आपल्या लोकांचा इतिहास. आजीची नात लंडनला कॉलेजात आहे, ती सुट्टीला येते आणि शिकवते. पुढच्या वर्षी ती येईल की नाही कोणाला माहीत नाही.

"या बेटावर बेने इस्राएलांचं दुसरं घर नाही, ताई. दीना हे शिकली तर शिकली. नाहीतर माझ्याबरोबर संपलं. एवढा उन्हाळा तिच्याकडून पुरा करून घे."

मी म्हटले, घेते.

मनामा

आमच्या बेटावरून छोटा पूल ओलांडला की मनामा. त्या आजींचे, फरहाबाईंचे, घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाहेरून काहीच खूण नव्हती. आत गेल्यावर आतल्या खोलीच्या चौकटीवर मेझुझा दिसली. आपल्या देवाचे नाव लिहिलेली गुंडाळी असते तिच्यात. माझा हात सवयीने वर गेला, बोटे लावली, ओठांना लावली. मागे वळून बघते तर फरहाबाई बघत होत्या. म्हाताऱ्या, गोऱ्या, फुलांचा झगा, कंबर धरून चालणाऱ्या. त्यांनी माझा हात धरला आणि मला सोफ्यावर न बसवता सरळ स्वयंपाकघरात नेले. मला त्याचे फार बरे वाटले.

त्यांना जुनी हिंदुस्तानी येत होती. पूर्वी तिथला सगळा व्यापार मुंबईशी, त्यांचे चुलते भायखळ्याला राहिलेले. त्यांनी मला कॉफी दिली. एवढीशी वाटी, दांडा नाही, साखर नाही, वेलचीचा वास. मी संपवली, त्यांनी परत भरली. नाही कसे म्हणायचे म्हणून मी परत संपवली, त्यांनी परत भरली. माझे डोके गरगरायला लागले तेव्हा दीना आत आली आणि माझ्या हातातली वाटी घेऊन जराशी हलवली. पुरे म्हणायचे असेल तर वाटी हलवायची. फरहाबाई म्हणाल्या, मुझे लगा हिंदुस्तान में बहुत पीते हैं.

बाहेरच्या खोलीत मुले बसत. दीना धरून पाच-सहा. शिकवणारी रेनी, फरहाबाईंची नात, केस कापलेली, बारीक, हसतमुख. मुलांत एक सामी म्हणून उंच मुलगा होता. त्याचा आवाज फुटत होता आणि त्यालाच तो फार आवडत होता. दीना त्याच्यापेक्षा चांगले वाचत होती, पण खालच्या आवाजात. मी दाराआडून ऐकले. अक्षरे आमच्या वडिलांचीच, पण चाल वेगळी.

फरहाबाईंचे यजमान हेस्केलबाबा. खुर्चीत बसून असत, डोळे मिटलेले, पण झोपलेले नसत. आपल्या लोकांसाठी कोंबडी तेच नियमाप्रमाणे कापत. बिन्यामीनही त्यांच्याकडूनच आणी.

परत आलेले भांडे

मुलांचे दुपारचे जेवण आळीपाळीने एकेका घरून जाई. आमची पाळी आली तेव्हा मी मनापासून रांधले. हेस्केलबाबांनी कापलेली कोंबडी, हिरवे वाटण, आणि नारळाचा दाट रस. आमच्याकडे सणाला हेच. गाईचे दूध, दही, तूप मांसाबरोबर आमच्यात चालत नाही, देवाची मनाई आहे, म्हणून आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या नारळावर भागवत आल्या. रस्सा पांढराशुभ्र झाला. वर कोथिंबीर. बिन्यामीनने गाडीतून भांडे आणि दीना दोघांना पोहोचवले.

दुपारी भांडे परत आले. झाकण उघडले तर वरची कोथिंबीरसुद्धा जागची हलली नव्हती.

दीना सरळ खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणाली. त्यानंतरच्या दिवशी डोके. बिन्यामीन ड्यूटीवरून येऊन दारापाशी उभा राहून समजावू लागला, मग रागावू लागला. आतून एकच उत्तर येई, आय अ‍ॅम नॉट गोइंग. सोफीने तिला आपली शपथ घातली, कपड्यांची लालूच दाखवली. काही उपयोग नाही.

सबंध भांडे परत आले की कोणत्याही बाईला लागते, मलाही लागले. पण मला वाटले होते तिखट झाले असेल. मी ते घरच्यांना दोन दिवस पुरवून संपवले.

अधारी

शुक्रवारी तिथे सुट्टी. बिन्यामीन म्हणाला सखीरकडे वाळवंट दाखवतो, पण सोफीला तेवढा प्रवास झेपेना, म्हणून आम्ही अधारीला गेलो. भोवती खजुराच्या बागा आणि मध्ये जिवंत झऱ्याचा तलाव, पाणी इतके निवळ की तळाचे दगड मोजावेत. मुले वरून उड्या टाकत होती. अशा उन्हात जमिनीतून गार गोडे पाणी वर येते, हे मी हात घालून बघितले तेव्हाच मला पटले. तिथले लोक म्हणतात, अधारी जवळच्याला तहानलेला ठेवते आणि लांबच्याला पाजते. पाट काढून तिचे पाणी दूरच्या बागांना नेत, कडेची झाडे कोरडी राहत. बिन्यामीनने हे सांगितले आणि मुलीकडे बघितले. दीनाने तोंड फिरवले.

मी आणि ती पाण्यात पाय सोडून बसलो. मी काही विचारले नाही. माझा स्वभावच तो, पण त्या दिवशी उपयोगी पडला. मग ती आपणहून बोलली, आधी इंग्रजीत भराभर, आणि मला कळत नाही असे बघून मोडक्या मराठीत.

"सामीने झाकण काढलं. तो म्हणाला, यू पीपल पुट मिल्क इन मीट. सगळे थांबले. रेनीपण."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला माहीतच नाही आपण काय घालतो. मम्मी डब्यातून ओतते. व्हाइट असतं." ती पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "आत्या, आपण खरे आहोत ना? की इंडियात कोणी चेक करत नाही म्हणून आपण असंच म्हणतो?"

तेव्हा मला कळले की गोष्ट जेवणाची नव्हती. त्या मुलीने अख्ख्या घराण्यावरच संशय घेतला होता, आणि तिच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर माझ्याजवळ होते. ते तोंडाने नीट सांगता येईल असे मला वाटले नाही, पण हाताने दाखवता येईल याची खात्री होती.

"खरे आहोत," मी म्हटले. "रविवारी नारळ घेऊन जाऊ. तू फक्त पिशवी धर."

ती म्हणाली ती दारातच थांबेल. मी म्हटले थांब.

फरहाबाईंचे स्वयंपाकघर

रविवारी मी सोफीची विळी फडक्यात गुंडाळून घेतली. दीनाने नारळांची पिशवी धरली, खरोखर दारापर्यंतच. मी आत गेले. फरहाबाई मला बघून जरा अवघडल्या. मी हसले, जमिनीवर बसले, विळी पायाखाली धरली आणि नारळ फोडला. त्या आवाजाने मुले वह्या टाकून आली. नारळाचे पाणी मी वाटीत धरले आणि फरहाबाईंना दिले. मग खोवायला लागले.

फरहाबाईंनी विचारले हे काय. मला हिंदुस्तानी शब्द सुचेनात. सगळे माझ्याकडे बघत, रेनी, सामी, उंबऱ्यात हेस्केलबाबा काठी टेकून. माझे हात चालू होते आणि तोंड बंद. मी दीनाकडे बघितले. ती दारात पिशवीचे बंद पिळत उभी होती. मी खोवलेल्यावर कोमट पाणी घातले, पातळ फडक्यात घेतले आणि पिळले. पांढरा रस भांड्यात पडला.

मग दीना आत आली. पिशवी खाली ठेवून ती माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि बोलू लागली. इंग्रजीत, मधूनच अरबीत. मला काय कळणार, पण ती नारळाची वाटी दाखवी, चोथा दाखवी, रस दाखवी, आणि एकदा तिने सामीचा हात धरून त्याचे बोट भांड्यात बुडवले. त्याने चाटले.

फरहाबाईंनीही बोट बुडवले. "अरे, ये तो झाड का है."

हेस्केलबाबा रेनीला काहीतरी म्हणाले. ती आतून जाड जुने पुस्तक घेऊन आली, त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाने उलटली, वाचले, आणि हसायला लागली. दीनाने ते मला सांगितले. तिने मला इतके लांब मराठी त्याआधी कधी सांगितले नव्हते. पूर्वी दुसऱ्या देशांतले आपले लोक बदामाचा पांढरा रस काढून त्यात मांस शिजवत. मोठ्या लोकांनी नियम केला की तसे करणाऱ्याने भांड्याजवळ थोडे बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला शंका येणार नाही.

"म्हणजे आपलं बरोबरच होतं, आत्या. फक्त जवळ नारळ ठेवायचा राहिला."

मी तिथेच कोंबडी शिजवली. भांड्याच्या शेजारी अर्धी नारळाची वाटी ठेवली, खोबऱ्यासकट. सगळे जेवले. हेस्केलबाबांनी दोनदा घेतले. वाढायला दीना उभी होती. सामीच्या ताटात तिने कोंबडीची मान वाढली, नुसती मान. तो तिच्याकडे बघत राहिला.

"व्हाइट मिल्क असतं ना त्यात," ती म्हणाली. "कशाला रिस्क घेतोस."

मुले हसली, तोही हसला, आणि मान चोखून परत ताट पुढे केले. तेव्हा तिने त्याला तंगडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी चपला घालून तयार होती.

बाजार

उन्हाळा संपत आला तसे रेनीने मुलांना सांगितले की शेवटच्या गुरुवारी सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचे. प्रत्येकाने शिकलेले काही वाचायचे आणि आपापल्या घरच्या रीतीने आभार मानायचे. कोणी केक आणणार होते, कोणी गाणे म्हणणार होते. दीनाने गाडीतच मला विचारले, आपण थँक्यू कसे म्हणतो.

मी म्हटले, आपण मलिदा करतो.

आमच्यात काही चांगले घडले, नवस फळला, माणूस दुखण्यातून उठला, की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेऊन मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा, ताटात रास करायची. भोवती फळे. वासाचे पान. एकेका फळावर वेगळी बराखा, म्हणजे देवाची स्तुती, म्हणायची आणि मग वाटायचे. दीनाने लहानपणी मुंबईत तो खाल्ला होता, पण तिला वाटत होते तो कसलातरी नाश्ता.

अडचण एकच. बराखा आमच्याकडे पुरुष म्हणतात, गावात आमचे वडील म्हणत. बिन्यामीनची गुरुवारी ड्यूटी, आणि ड्यूटी नसती तरी त्याला येत नव्हते. मी दीनाला म्हटले हेस्केलबाबांना विचार. त्यांनी डोळे न उघडता सांगितले की मलिदा काय ते त्यांना माहीत नाही, पण फळावरची बराखा सगळ्या जगात एकच, आणि जिचे ताट तिने म्हणावी. दीना घरी आली आणि आरशासमोर उभी राहून पाठ करू लागली. सोफी बिछान्यातून ऐके. चूक तिला कळत नसे, पण दीना मध्येच अडली की ती टाळी वाजवी.

पोहे आणायला बिन्यामीनने मला बाजारात एका दुकानापाशी सोडले. दुकानदार दाऊदभाई, मूळचे मुरूडकडचे, पांढरी दाढी, अंगात बनियन. माझी भाषा ऐकून त्यांनी जाड्या पोह्यांचे पोते उघडले.

"नियाज हाय काय कुणाची?"

त्यांच्या मुसलमानांतही पिराच्या नावाने मलिदा करून वाटतात. मी म्हटले, नियाज नाही, आभार.

"तुमी चेऊलकडच्या. शनवारी घाना बंद ठेवनाऱ्यांतल्या काय?"

 बिन्यामीनने सांगून ठेवले होते की आपण कोण ते बाजारात बोलायचे नाही. मी पोत्यात हात घालून पोहे बघू लागले. दाऊदभाई नारळ कानाशी हलवून बघत होते.

"आमच्या आजीला तुमच्याच घान्याचं तेल लागं. दुसरं आनलं तर हंडी उतरून ठेवी." त्यांनी एक नारळ परत ठेवला, दुसरा हलवला. "हा घ्या, भरलेला हाय. भावाला सांगा, दाऊद कुनाकडं बोलत नाय."

मी तोंडावर पदर घेतला आणि मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला बहरीन ओळखीचे वाटले.

वासाच्या पानाची मात्र काळजी होती. आमच्याकडे सब्जाची पाने लागतात, ती कुठली मिळायला. गुरुवारी दुपारी फरहाबाई मला बाजाराच्या तोंडाशी घेऊन गेल्या. तिथे काळा बुरखा घेतलेल्या म्हाताऱ्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या, टोपलीत हिरव्या जुड्या. तिथल्या बायका त्या केसांत माळतात, गुरुवारी संध्याकाळी घरोघरी नेतात. मश्मूम म्हणतात. मी एक पान चुरगळून नाकाला लावले. सब्जाच. मी इतक्या जुड्या उचलल्या की ती म्हातारी फरहाबाईंना म्हणाली, हिच्या घरी लग्न आहे का.

गुरुवार

फरहाबाईंची बाहेरची खोली भरली होती. मुलांचे आईबाप आले होते. सोफीसुद्धा पोटाला पट्टा बांधून आली आणि उशीला टेकून बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी आत, अर्धी बाहेर. मला तीच जागा बरी.

मुलांनी वाचले. सामीने फुटक्या आवाजात लांबलचक वाचले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दीना मलिद्याचे ताट घेऊन उभी राहिली. पांढरी रास, भोवती ताजा ओला खजूर, केळी, सफरचंद, द्राक्षे, वर मश्मूमची पाने. ताट जड होते.

सामीची आई पुढेच बसली होती. देखणी बाई, मोत्यांची माळ. तिने वाकून बघितले आणि काहीतरी विचारले. फरहाबाईंनी मला हळूच सांगितले, ती विचारते आहे की हा हिंदूंचा प्रसाद आहे का.

 मला वाटले ताट खाली ठेवून मुलगी निघून जाते की काय. बिन्यामीनला मी दिलेला शब्द त्या एका क्षणावर होता, आणि मी दारातून काहीच करू शकत नव्हते.

दीनाने ताट टेबलावर नीट ठेवले, पाने सारखी केली. मग बाईंकडे बघून बोलली. न घाबरता, न रागावता, सावकाश, शाळेत धडा सांगतात तसे. पोहे दाखवले, खोबरे दाखवले. माझ्याकडे बोट केले. त्यात मला एलियाहू हन्नाबीचे नाव ऐकू आले, आणि चेऊल, आणि आत्या. शेवटी ती काहीतरी म्हणाली तेव्हा रेनीने डोळे पुसले आणि सामी खाली बघू लागला. फरहाबाई मला त्याचे हिंदुस्तानी करून सांगायला लागल्या. मी म्हटले, रहने दो, समज गई. अधारीला तिने मला जे विचारले होते, त्याचेच ते उत्तर होते.

मग दीनाने खजूर उचलला आणि बराखा म्हटली. आवाज पहिल्या शब्दाला दबका, तिसऱ्याला मोकळा. हेस्केलबाबांनी सगळ्यांच्या आधी आमेन म्हटले, खोलीने त्यांच्यामागून. केळ्यावर वेगळी बराखा, ती जमिनीच्या पिकाची. पानावर सुवासाची. प्रत्येक वेळी आमेन. चाल आमच्या वडिलांची नव्हती, रेनीने शिकवलेली होती. शब्द तेच होते. तिने आधी हेस्केलबाबांना दिले, मग फरहाबाईंना, मग रेनीला. रेनीच्या ओंजळीत तिने इतके घातले की सांडले. मोत्यांच्या माळेच्या बाईंनी पोहे चावून बघितले, आणि मग बोटे चाटून परत हात पुढे केला.

सगळे वाटून झाले आणि लोक गप्पा मारू लागले तेव्हा बिन्यामीन आला. ड्यूटीवरून सरळ, अंगावर निळा कारखान्याचा डगला, नखांत तेल. तो दारात थांबला आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी ताटाकडे मान केली.

"बराखा कोणी म्हटल्या?" त्याने मराठीत विचारले.

"मी," दीना मराठीत म्हणाली.

 त्याने मोरीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, बराच वेळ. परत आला आणि मुलीसमोर उभा राहून उजवा तळवा पुढे केला. दीनाने त्यावर खजूर ठेवला. तो तोंडाकडे नेईना. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आले की तो कशाची वाट बघतो आहे.

तिने त्याच्यापुरती ती बराखा परत म्हटली, पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून. माझा भाऊ तळहातावर खजूर धरून मान खाली घालून उभा होता, आणि ती संपेपर्यंत तो हलला नाही. मग आमेन म्हणाला आणि खाल्ला.